लाईट जायची वाट बघणारा भाडेकरू

खोली भाड्यानं मागायला आलेला माणूस आधी पाण्याचं विचारतो. मग संडास कुठं, गाडी कुठं लावायची. हा आला, ओसरीपुढं उभा राहिला आणि त्यानं एकच विचारलं, "काका, इथं लाईट किती वेळा जाते?"

मी म्हटलं, "बिलकुल जात न्हाई. आमच्या आळीत तर न्हाईच न्हाई."

घरमालक दुसरं काय सांगणार? पण त्याचं तोंड उतरलं. "बरं, मग राहू द्या," म्हणाला आणि बॅग उचलून पायऱ्या उतरायला लागला. तेवढ्यात आतून आमच्या हिचा आवाज आला, "अहो, खोटं काय सांगायलात त्यान्ला! दिवसातून धा-बारा बार जाती. सकाळी तर नुसती फडफड करती."

तो पायरीवरच वळला. "फडफड करते? म्हणजे जाऊन लगेच येते?"

"जाती, येती, जाती. मिक्सरमधली चटणी एका दमात कधी झाली न्हाई माझी."

त्यानं बॅग खाली ठेवली. खोली बघितलीसुद्धा नाही. म्हणाला, "मी राहतो."

आमचं गाव बोरीहून थोडं आत. परभणीला, जिंतूरला तो राहून आला होता. तिथली लाईट त्याला पसंत नव्हती. "तिथं जाते ती जाते आणि येते ती येते," असं तो नाक मुरडून सांगायचा. "तुमच्यासारखी लाईट कुठंच नाही, काका." हे गावात पसरलं, तेव्हा अर्ध्या लोकांना राग आला आणि अर्ध्यांना अभिमान वाटला. आपल्या गावात काहीतरी अव्वल आहे, हे पहिल्यांदाच कुणी बाहेरच्यानं सांगितलं होतं.

चाळिशीचा होता. मूळचा गंगाखेडकडचा, मास्तराच्या घरातला. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं की म्हणायचा, "राहून गेलं." जसं काही दळण आणायचं राहून गेलं. तोंडावर मी त्याला सर म्हणायचो. इथं अरेतुरे करतो. दोन वर्षं माझ्या घरचं खाल्लंय त्यानं, तेवढा हक्क आहे मला.

त्याचं काम काय, ते समजायला मला सहा महिने लागले. मी चौथी शिकलेला, त्यानं मला समजावलं तसं सांगतो. कंप्युटरला जे जे काही वायरीनं जोडतात, माउस म्हणा, छपाईचं मशीन म्हणा, अंगठा घ्यायचं मशीन म्हणा, त्या वायरीच्या तोंडाला यूएसबी म्हणतात. तो मला म्हणाला, "काका, दारात अनोळखी माणूस आला तर तुम्ही काय विचारता?"

"कोन गावचे, कुनाचे."

"तसंच. वायर खुपसली की कंप्युटर विचारतो, तू कुणाची, नाव काय. ती सांगते. मग आतून तिला ओळखणारा कुणीतरी बाहेर यावा लागतो. तो बाहेर आला की दोघांचं बोलणं सुरू. तो ओळखणारा माणूस मी लिहितो."

त्या ओळखणाऱ्याला ड्रायव्हर म्हणतात. त्यावरून गावात लोकांनी त्याला टेम्पोचं भाडं विचारलं. तो विनोद आमच्या पारावर इतका चघळला गेलाय की मी परत सांगत नाही.

"अन वायरीनं खोटंच नाव सांगितलं तर?" मी विचारलं.

"निम्म्या खोटंच सांगतात. नकली माल असतो, मोठ्या घराचं नाव लावून येतो."

"मग हाकलून द्यायचं."

"असं नाही, काका. वापरणाऱ्याची त्यात काय चूक? तिच्या खोट्या नावासकट तिला सांभाळायचं."

हा सगळा कारभार कंप्युटरच्या गाभ्यात चालतो, त्याला कर्नेल म्हणतात. जगभरची माणसं मिळून तो गाभा लिहितात, कुणीही उघडून वाचू शकतो. त्यातला एका जुन्या वायरीचा कोपरा ह्या माणसाच्या जिम्म्यावर होता, अकरा वर्षं. पोटापाण्यासाठी तो एका परदेशी कंपनीचं दुसरंच काही करायचा. ही वायर हौसेची.

खोलीत दोन ट्रंका होत्या. भंगारातून वेचून आणलेल्या वायरी, डब्या, मशीनं. दिवसभर खुपसायचा आणि काढायचा, खुपसायचा आणि काढायचा. भिंतीपलीकडं आमच्या स्वयंपाकघरात टक्, टक् ऐकू यायचं. ही सुरुवातीला म्हणायची, "सर सुपारी कातरायलेत का काय?" आणि लाईट गेली की सगळी आळी शिव्या द्यायची, हा मात्र खोलीतून ओरडायचा, "गेली! गेली!" मग श्वास रोखून शांत. मग, "आली!" लाईट फडफडली की वायरीची ओळख तुटते म्हणे; ती परत लागते का, हेच त्याला बघायचं असायचं. उन्हाळ्यात एकदा पूर्ण दिवस लाईट गेली नाही. संध्याकाळी हा ओसरीवर येऊन बसला. घरात कुणी आजारी असल्यासारखा.

त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. मशीनांच्या खोडी. अमकं मशीन पहिल्यांदा विचारलं तर गप्प बसतं, दुसऱ्यांदा विचारावं. तमकं मशीन झोपलं की उठत नाही, झोपू देऊ नये. गाभ्यातसुद्धा अशी खोडींची यादीच असते म्हणे, हजारो मशीनांची. तिथवर ठीक. एक दिवस मी त्याच्या खोलीत पंखा बघायला गेलो, तर मशीनांच्या खाली लिहिलेलं:

काका: पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. दुसरी मारावी. तिसरी मारल्यास भडकतात.

काकू: "चहा नको" हे शब्द पोचत नाहीत. पिऊन घ्यावा.

द्वारकाबाई: "निघते" म्हटल्यावर पाऊण तास. मध्ये उठू नये.

द्वारकाबाई म्हणजे आमची शेजारीण. एक म्हैस आणि एक जीभ, दोन्ही भरपूर देणाऱ्या.

मी भडकलो. "सर, हे काय लिहिलंय? आमी काय मशीन हाव का?"

"काका, ही तक्रार नाही," तो शांतपणे म्हणाला. "खोडी माहीत असल्या की कुणाला बदलावं लागत नाही."

मी पंखा तसाच टाकून बाहेर आलो. ही मात्र इतकी खूश झाली की आल्यागेल्या बाईला खोलीत नेऊन कागद दाखवायची. चाळीस वर्षांत माझी खोडी कुणी लेखी दिली नव्हती.

त्याला परदेशातून पत्रं यायची, कंप्युटरवर. पुष्कळदा शिव्याच असायच्या. एकदा चहा पिताना त्यानं हिला एक वाचून दाखवलं. कुणीतरी मोठा माणूस सगळ्या जगासमोर म्हणाला होता की हे काम आळशीपणाचं आहे, परत नव्यानं करा.

ही ताठ झाली. "कोन हाय तो? लावा फोन. मी बोलते."

"काकू, रागावले म्हणजे वाचलं," तो हसत म्हणाला. "न वाचताच घेतलं असतं तर मला झोप आली नसती."

आणि परत केलं त्यानं. तीन ओळींना तीन आठवडे.

तो गेला तोही लाईटपायीच. गावाला नवीन डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बसली, वायरी बदलल्या, फडफड थांबली. गावानं नारळ फोडला. ह्यानं पंधरा दिवस वाट बघितली आणि ट्रंका बांधल्या. चारठाण्याच्या अलीकडं एका वस्तीवर लाईट अजून खराब आहे, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. आता तिथं असतो. निघताना म्हणाला, "काका, वाईट वाटून घेऊ नका. तुमचं गाव सुधारलं."

पण हे पुढचं झालं. त्याच्या आधीचं सांगायचं आहे.

आमच्या पुढच्या खोलीत ही दूध संकलन केंद्र चालवायची. सकाळी सहाला दार उघडायचं, आळीतल्या बाया कॅन घेऊन यायच्या, काट्यावर कॅन ठेवला की वजन वायरीतून कंप्युटरवर जायचं. जुना कंप्युटर मेला तेव्हा ह्या सरनंच स्वतःकडचा एक, बॅटरीवर तग धरणारा, बसवून दिला, त्याचा तो गाभा घालून. आणि काट्याची वायर बघून लहान लेकरासारखा नाचला. त्याच्या जिम्म्यातली होती. अकरा वर्षं जी सांभाळली, ती खरोखर कामाला लागलेली त्यानं तेव्हा पहिल्यांदा बघितली.

वर्षभर चाललं. मग एक दिवस ही त्याला म्हणाली, "सर, तुमची वायर खोडी करायली. लाईट जाऊन उशिरा आली तर काटा बोलतो. जाऊन लगेच आली तर गप बसतो. मग वायर काढून परत खुपसावी लागती."

तो हातातला कप खाली ठेवायचं विसरला. "दर वेळी?"

"दर बारी. मी धा दिवस बघितलं, मगच सांगायले."

"काकू," तो म्हणाला, "असा रिपोर्ट मला जर्मनीतून कधी आला नाही."

तो कामाला लागला. आणि त्याच महिन्यात ही गेली. कशानं गेली, किती दिवस दवाखान्यात होती, ते मी लिहिणार नाही. गेली.

मी दुधाच्या खोलीला कुलूप लावलं. बाया दुसऱ्या आळीतल्या केंद्रावर जायला लागल्या. मी उठायचो केव्हाही, खायचो काहीही. तेरा दिवस भिंतीपलीकडून टक् ऐकू आलं नाही. चौदाव्या दिवशी तो माझ्याजवळ येऊन बसला. मला वाटलं आता दोन शब्द बोलेल.

म्हणाला, "काका, काकूंनी सांगितलेली खोडी अजून दुरुस्त झाली नाही."

मी त्याला काय काय बोललो, ते छापण्यासारखं नाही. त्यानं ऐकून घेतलं आणि उठून गेला. पण त्यानंतर रोज सकाळी तो कुलुपापुढं येऊन उभा राहायचा. हातात वायर. मागायचा काहीच नाही. पाच मिनिटं उभा राहून परत जायचा. आठ दिवस मी बघितलं आणि नवव्या की दहाव्या दिवशी ओरडलो, "अहो काय पाहिजे ते बोला की! देवळापुढं उभं राहिल्यावानी काय उभं राहायलात?"

मग त्यानं सांगितलं. परदेशातून पत्र आलं होतं. ही वायर आता कुणी वापरत नाही, सांभाळायला ओझं होतं, गाभ्याची पुढची खेप निघेल तेव्हा तिचा ओळखणारा त्यातून काढून टाकतो. कुणी रोज वापरत असेल तर तीन आठवड्यांत कळवा.

"मग कळवा की, तुमी हाव म्हणून."

"मी लिहिणारा. मी वापरणारा नाही. वापरणारा दुसरा पाहिजे."

"मग लिवा कुनाचंबी नाव. कोन बघायला यायलंय जर्मनीहून?"

तो माझ्याकडं असा बघायला लागला, जसं काही मी त्याला दुधात पाणी घालायला सांगितलं. "तिथं खोटं लिहीत नाहीत, काका," एवढंच म्हणाला.

अकरा वर्षांचं काम त्याचं. आणि सगळ्या मुलखात ती वायर वापरणारी एक बाई, जिला महिन्यापूर्वी अग्नी दिलेला. मी आत गेलो, चावी आणली, कुलूप काढलं. खोलीत आंबूस वास कोंडला होता. हिचा नॅपकिन खुंटीला तसाच. मी तिकडं बघितलं नाही. म्हटलं, "लावा वायर. हा घ्या दगड, ठेवा काट्यावर, करा वजन, अन कळवा."

"दगड नाही चालणार."

"का? दगडाला वजन नसतं का?"

"वापर म्हणजे वापर, काका. दूध पाहिजे."

गेलो द्वारकाबाईकडं. ती दारातच होती. "भाऊजी, आज सूर्य कुनीकडून उगवला?"

"उद्या सकाळी कॅन घेऊन या. काटा चालू करायलो."

"तुमी करनार संकलन? तुमाला तर म्हशीचं तोंड कुठं हाय तेबी माहीत न्हाई."

"यायचं का न्हाई ते बोला."

"येते की," ती म्हणाली, आणि पाऊण तास बोलून मला सोडलं.

दुसऱ्या दिवशी सहाला पाच बाया कॅन घेऊन हजर. द्वारकाबाईनं आळीत दवंडी दिली होती. वायर जोडली, कॅन ठेवला, वजन आलं. सर म्हणाला, "झालं अर्धं. आता लाईट जाऊन लगेच यायला पाहिजे. काकूंनी दाखवलेली खोडी मी दुरुस्त केलीय, ती खरंच गेली का बघायचं. नुसती वापरात आहे म्हणून भागणार नाही, बिघडलेली कशाला ठेवा म्हणतील."

आणि त्या दिवशी लाईट गेली नाही.

दहा-दहा बार जाणारी लाईट. सात वाजले, साडेसात वाजले. पाच बाया, पाच कॅन, मी आणि हा, सगळे बल्बकडं बघत बसलो. मी म्हटलं, "मेन स्विच दाबतो अन सोडतो."

"स्विचनं साफ जाते, काका. ही फडफडत जायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी परत तेच. बल्ब ढिम्म. एक बाई म्हणाली, "सर, तुमची नजर लागली लाईटला." तिसऱ्या दिवशी वीस-पंचवीस माणसं जमली. शाळेचा मास्तर, पोलीस पाटील, आणि कॅन नसलेल्या बायासुद्धा. दूध नासायची वेळ आली, द्वारकाबाई तर भडकलीच. ती बल्बकडं बोट करून ओरडली, "माझा पिठाचा डबा गिरणीत असला की बरी जाती मेली! आज काय झालंय तुला?"

आणि बल्ब फडफडला. गेला. आला.

 काट्यावर कॅन होता. आकडा पुसला गेलेला. सर काट्याकडं नाही, जमिनीकडं बघत होता. मी मोजत होतो. एक, दोन, तीन. चारला आकडा उमटला. तोच, जेवढा होता तेवढाच.

जी आरडाओरड झाली, ती गावात कुणाचं लग्न लागल्यासारखी. पोलीस पाटलानं मला मिठी मारली, मी काय केलं होतं कोण जाणे. लाईट गेली म्हणून आमच्या गावानं टाळ्या वाजवल्या, ते त्या एकाच दिवशी.

माणसं पांगल्यावर तो लिहायला बसला. केलेल्या कामाखाली नावं लिहायची रीत असते, लग्नपत्रिकेखाली असतात तशी. कुणी लिहिलं, कुणी खोडी दाखवून दिली, कुणी तपासून बघितलं.

मी म्हटलं, "तपासलं तिथं आमच्या हिचं नाव टाका."

"नाही टाकता येत."

"का? काटा तिचा, खोली तिची."

"तपासलं ते आज. आज त्या नव्हत्या."

मी उठून उभा राहिलो. हात उचलायचा राहिला होता एवढंच. तो घाबरला नाही. म्हणाला, "तपासलं तिथं तुमचं नाव येतं. पण खोडी दाखवून दिली तिथं त्यांचं येतं. ते खरं आहे. बसा. काकूंचं पूर्ण नाव काय?"

दोन वर्षं तिच्या हातचं खाल्लं आणि नाव ह्याला माहीत नव्हतं. काकू म्हणत आला. आणि मी तरी ते कधी तोंडानं घेतलं होतं? लग्नात एकदा, बायांनी अडवलं म्हणून. नंतर सगळा जन्म "अगं" आणि "ऐकलं का".

"सुभद्रा," मी म्हणालो. पुढं माझं नाव, आडनाव.

"परत सांगा, नीट ऐकू आलं नाही."

"सुभद्रा."

मला वाटतं त्याला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

चार दिवसांनी उत्तर आलं. तो धावत ओसरीवर आला, पहिली हाक मारली आणि मी पहिल्याच हाकेला उठलो. त्यानं मराठीत करून सांगितलं. त्या परदेशातल्या माणसानं एवढंच लिहिलं होतं: ठीक आहे. एक माणूस रोज वापरतोय, तर काढत नाही. तो वापरतोय तोवर राहू दे.

"म्हणजे माझ्यावर आलं की हे," मी म्हटलं.

"हो, काका."

"अन मी मेलो तर?"

"मग काढतील."

"अन मेलो न्हाई, नुसतं सोडून दिलं तर?"

त्यानं विचार केला. त्याला खोटा दिलासा देता येत नाही, ही त्याची खोडी. "मग मला तसं कळवावं लागेल," तो म्हणाला.

तेव्हापासून मी सहाला दार उघडतो. पाचाच्या आता अकरा बाया झाल्यात. म्हशीचं तोंड कुठं असतं ते मला कळलंय, द्वारकाबाईला अजून पटलेलं नाही. तिची म्हैस आटायला आली की मला घोर लागतो. दोन-अडीच महिन्यांनी त्या वस्तीवरून त्याचा फोन येतो. "काका, गाभ्याची नवीन खेप आली, पाठवलीय. चालतंय का बघा." मी बघतो आणि सांगतो. जेवलात का, तब्येत कशी, असलं तो काही विचारत नाही.

लेक लातूरला असते. गेल्या महिन्यात मला ताप आला, तेव्हा ती न्यायलाच आली आणि खुंटीवरची माझी पिशवी काढून भरायला लागली. "बाबा, आता एकट्यानं कशाला राहायचं? चला माझ्याकडं. कायमचे."

मी तिला म्हटलं, येतो, पण दोन दिवसांच्या वर राहता येणार नाही. काटा रोज चालला पाहिजे. नाही चालला तर तो तसं कळवील.

"अहो बाबा, कोन कळवील? कुनाला?"

मी तिला पहिल्यापासून सगळं सांगायला बसलो. सगळं ऐकून झाल्यावर ती उठली आणि तिनं माझी पिशवी परत खुंटीला अडकवली.